एअरसॉफ्ट गॅस पिस्तूल: साफसफाई कशी करायची आणि तेल नक्की कुठे टाकायचं

एअरसॉफ्टच्या खेळातलं गॅस ब्लोबॅक पिस्तूल, म्हणजे गॅसच्या दाबाने प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारणारं आणि प्रत्येक शॉटला स्लाइड मागे फेकणारं, नीट चालत नाही म्हणून लोक विचारतात तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात, मॅगझिन गॅस सोडतंय, स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही, बीबी, म्हणजे त्या गोळ्या, कधी वर कधी खाली कुठेही जातायत, आणि यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ तेलात सापडतं. कुठे अजिबात टाकलेलं नसतं, कुठे भसाभस ओतलेलं असतं, नाहीतर चुकीचं तेल वापरलेलं असतं. म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं: रबराला सिलिकॉन, धातूवर धातू घासतो तिथे ग्रीस, आणि बीबी ज्या रस्त्याने जाते तो रस्ता पूर्ण कोरडा.

हे असं का, ते कळायला आत काय होतं ते थोडक्यात बघू. ट्रिगर दाबला की हॅमर (मागचा छोटा हातोडा) सुटतो, तो नॉकरवर (व्हॉल्व दाबणारा छोटा भाग) आदळतो, नॉकर मॅगझिनचा मागचा आउटपुट व्हॉल्व दाबतो, गॅस बाहेर येतो आणि मॅगझिनच्या वरच्या रबरी तोंडातून नॉझलमध्ये (स्लाइडमधली पुढे मागे सरकणारी नळी) शिरतो. नॉझलच्या आत एक छोटा सरकता व्हॉल्व असतो ज्याला बरेच जण रॉकेट व्हॉल्व म्हणतात. सुरुवातीला तो पुढची वाट मोकळी ठेवतो म्हणून गॅस बीबीला ढकलतो, बीबी बॅरलबाहेर पडली आणि पुढचा दाब उतरला की तोच व्हॉल्व पुढे सरकून ती वाट बंद करतो आणि उरलेला गॅस मागे पिस्टनवर दाब देऊन स्लाइड मागे फेकतो. म्हणजे एका शॉटमध्ये गॅस तीन चार रबरांना धरून जातो आणि त्यातलं एक जरी सुकलेलं असलं तरी दाब तिथून निसटतो, मग स्लाइडला जोर कुठून मिळणार?

आता सामान. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शुद्ध सिलिकॉन ऑइल, १०० टक्के, ज्यात पेट्रोलियमचं काही मिसळलेलं नाही. दुकानात सिलिकॉन स्प्रे म्हणून जे डबे मिळतात त्यातल्या बऱ्याच डब्यांत सिलिकॉन थोडं आणि सॉल्व्हंट भरपूर असतं, तेव्हा लेबल वाचा, आणि वास पेट्रोलसारखा आला तर ते रबराजवळ नेऊ नका. थेंब टाकायची छोटी बाटली स्प्रेपेक्षा बरी, कारण स्प्रे जिथे नको तिथेही उडतो. दुसरं, सिलिकॉन ग्रीस, पिस्टनच्या ओ-रिंगसाठी, म्हणजे त्याच्या गोल रबरी कडीसाठी. तिसरं, धातूसाठी व्हाइट लिथियम किंवा टेफ्लॉनवालं ग्रीस, कारण सिलिकॉन ऑइल रबराला छान असलं तरी स्टीलवर स्टील जोरात घासतं तिथे ते टिकत नाही, हॅमर आणि सिअर (हॅमरला पकडून ठेवणारा भाग) त्याच्या भरवशावर सोडू नका. चौथं आयसोप्रोपिल अल्कोहोल, बॅरल पुसायला आणि जुनं काळं झालेलं ग्रीस काढायला. बाकी क्लीनिंग रॉड, धागे न सुटणारं कापड, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, जुना टूथब्रश, टूथपिक, अॅलन की आणि मॅगझिनच्या व्हॉल्वची चावी.

डब्ल्यूडी-४० वापरू नका. ते गंज सोडवायला आणि पाणी हटवायला चांगलंच आहे पण त्यात पेट्रोलियम सॉल्व्हंट असतो, त्याने काही जातींची रबरं फुगतात, शिवाय आधीचं चांगलं तेल धुऊन जातं आणि सुकल्यावर मागे फारसं काही उरत नाही. शिवणयंत्राचं तेल, इंजिन ऑइल, खाद्यतेल यापैकी काहीही सीलवर नको, खाद्यतेल तर काही दिवसांनी चिकट होऊन बसतं. ब्रेक क्लीनर आणि अॅसिटोन तर प्लास्टिक स्लाइडवाल्यांनी लांबच ठेवा, एबीएस प्लास्टिक विरघळतं नाहीतर त्याला तडे जातात.

सुरू करण्याआधी डोळ्यांना चष्मा लावा. गोळीबार करायचा नाहीये तरी लावा, कारण उघडताना स्प्रिंग उडते आणि व्हॉल्वमधून गॅसचा फवारा तोंडावर येऊ शकतो. मग मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा आणि चेंबरमध्ये बघा, हॉप-अपच्या (बॅरलच्या मागच्या टोकाला बीबीला फिरकी देणारा भाग) रबरात एखादी बीबी अडकून बसलेली असते, हॉप शून्यावर आणून पुढून रॉडने हळूच ढकलली की ती बाहेर पडते. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेनच, पेट घेतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास शेगडी, मेणबत्ती, सिगरेट काही नको. द्रवरूप प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, अंगावर सांडला तर चामडी भाजल्यासारखी होते. एचएफसी १३४ए हा दुसरा वापरला जाणारा गॅस पेटत नाही पण तोही उणे २६ ला उकळतो, म्हणजे बोटांना तितकाच वाईट.

खोलणं मॉडेलप्रमाणे बदलतं पण तीन घराणी ओळखली की बहुतेक पिस्तुलं उघडतात. ग्लॉक पद्धतीत स्लाइड किंचित मागे ओढायची, फ्रेमच्या दोन्ही बाजूंची छोटी पट्टी खाली दाबून धरायची आणि स्लाइड पुढे सरकवून काढायची. १९११ आणि हाय-कॅपामध्ये स्लाइड मागे नेत नेत तिची छोटी खाच स्लाइड स्टॉपच्या दातासमोर आणायची आणि उजव्या बाजूने पिन ढकलून स्लाइड स्टॉप डावीकडून बाहेर काढायचा. बेरेटा ९२ मध्ये उजवीकडचं बटण दाबून डावीकडची खिट्टी खाली फिरवायची. पहिल्यांदा उघडत असाल तर प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि सुटे भाग एका ट्रेमध्ये ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवा. स्लाइड निघाली की रिकॉइल स्प्रिंगवर अंगठा ठेवूनच ती सोडवा. मग बॅरलचा सेट बाहेर येतो आणि इथपर्यंत खोललं तरी नेहमीच्या सफाईला पुरतं, ब्लोबॅक हाउसिंग (स्लाइडच्या आतला नॉझल आणि पिस्टनचा भाग) दरवेळी उघडायची अजिबात गरज नाही.

आता बॅरल आणि हॉप-अप, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बीबी ५.९५ मिलिमीटरची असते आणि आतलं बॅरल साधारण ६.०३ ते ६.०८ चं, म्हणजे मधे जागा किती उरते ते बघा, त्यात तेलाचा थर किंवा मातीचा कण आला की फरक पडणारच. आणि हॉप-अपचं सगळं काम घर्षणावर चालतं: रबराचा उंचवटा बीबीच्या वरच्या बाजूला घासतो, बीबीला उलटी फिरकी मिळते आणि त्या फिरकीमुळे हवा तिला वर उचलून धरते म्हणून ती लांब जाते. त्या उंचवट्यावर तेल आलं की बीबी घसरते, फिरकी कमी पडते, एक शॉट लांब जातो पुढचा पायाशी पडतो, आणि माणूस हॉप वाढवत बसतो, मग तेल उडून गेल्यावर तीच बीबी आकाशात. वरून जर तुमचं हॉप रबर सिलिकॉनचं असेल तर सिलिकॉन ऑइल त्यात मुरतं आणि ते फुगतं, नरम पडतं. म्हणून बॅरलमध्ये किंवा हॉपमध्ये सिलिकॉनचा स्प्रे मारा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी.

पुसायची पद्धत अशी. हॉप पूर्ण शून्यावर आणा, नाहीतर रॉडने उंचवटा फाटतो. रॉडच्या भोकात कापडाची पातळ पट्टी ओवा, ती रॉडवर अशी गुंडाळा की धातूचं टोक कुठेही उघडं राहणार नाही, थोडं अल्कोहोल लावा, ठिबकेल इतकं नाही, नुसतं ओलसर. पुढच्या तोंडातून आत घालून गोल फिरवत पुढे न्या आणि हॉप रबराच्या जरा अलीकडे थांबा, आधी रॉड बॅरलच्या बाजूला धरून किती आत जायचं त्याची खूण करून ठेवली की अंदाज चुकत नाही. बाहेर काढा, कापड बदला, परत करा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी कोरडं कापड, आणि हे मात्र हॉप रबरातूनही हळूच फिरवून काढायचं म्हणजे तिथलं तेल टिपलं जातं. जोर लावायचा नाही, अडलं तर कापड जाड झालंय, कमी करा. मग बॅरल उजेडाकडे धरून आरपार बघा, आत भिंत आरशासारखी दिसली पाहिजे.

रबर तेलात भिजलंच असेल तर मात्र बॅरल चेंबरमधून काढून रबर सुटं करा, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटाने चोळा, स्वच्छ पाण्यात धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. परत बसवताना रबरावरची रेघ किंवा खाच बॅरलच्या खाचेशी जुळली पाहिजे, किंचित तिरकं बसलं की बीबी डावी उजवीकडे वळतात आणि लोक दोष बॅरलला देतात.

स्लाइडकडे वळू. टूथब्रशने सगळा काळा चिखल काढा, रेल्सच्या (स्लाइड ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) खाचा कापसाच्या काडीने पुसा. प्लास्टिक स्लाइड असेल तर रेल्सला सिलिकॉन ऑइलचा एखाद दुसरा थेंब बोटाने पसरवला की झालं, धातूची स्लाइड धातूच्या फ्रेमवर असेल तर ग्रीसचा अगदी पातळ हात. आउटर बॅरलच्या पुढच्या टोकाला, जिथे स्लाइड घासून चकचकीत झालेली दिसते, तिथेही तसंच. ती चकचकीत झालेली जागा बघायची सवय लावा, पिस्तूल स्वतःच दाखवतं की घासतं कुठे, आणि जिथे रंग जसाच्या तसा आहे तिथे तेलाची गरज नाही.

नॉझल बोटाने पुढे ओढून सोडा, ते स्वतःहून झटकन मागे गेलं पाहिजे. रेंगाळत असेल तर आत घाण आहे किंवा रिटर्न स्प्रिंग थकली आहे किंवा पिस्टनची ओ-रिंग कोरडी आहे. नॉझल पुढे धरून मागच्या फटीतून पिस्टनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ऑइलचा एक थेंब द्या आणि आठ दहा वेळा पुढे मागे करा. ब्लोबॅक हाउसिंग काढलेलंच असेल तर जुनं सगळं पुसून ओ-रिंगवर टूथपिकच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस बोटाने फिरवा, रिंग ओलसर चमकली पाहिजे, ग्रीसचा ढीग दिसता कामा नये, जाड ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि स्लाइड मंद होते. नॉझलच्या आतला रॉकेट व्हॉल्व मात्र कोरडा ठेवा, तिथलं तेल पुढच्याच शॉटला थेट हॉपवर उडतं. हाउसिंगचा मागचा स्क्रू ढिला होण्याची खोड बऱ्याच पिस्तुलांना असते, थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावायचा तर निळा आणि तोही धातूत धातू जातो तिथेच, प्लास्टिकला लागला तर प्लास्टिक तडकतं.

फ्रेमच्या आत जास्त उद्योग नको. वरून दिसतो तेवढा भाग ब्रशने झाडा, हॅमर मागे ओढला की सिअर जिथे त्याला पकडतो ती खाच दिसते, तिथे टूथपिकने ग्रीसचा ठिपका, नॉकर जिथे सरकतो तिथे एक ठिपका, हॅमरच्या बेअरिंगला एक, बस. ट्रिगर ग्रुप पूर्ण खोलायचा मोह होतो पण त्यातल्या पानासारख्या स्प्रिंग परत जागेवर बसवणं नवशिक्याला जड जातं आणि नेहमीच्या देखभालीत त्याची गरजही नाही.

मॅगझिन हा खरं तर या पिस्तुलाचा अर्धा जीव आहे आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच सगळ्यात जास्त होतं. गॅस भरायच्या व्हॉल्वमध्ये एक दोन थेंब सिलिकॉन ऑइल टाका आणि मग गॅस भरा, मॅगझिन उलटं, डबा त्याच्यावर उलटा उभा, म्हणजे द्रव आत उतरतो आणि सोबत तेल आतल्या सगळ्या सील्सपर्यंत पोचतं. हे दरवेळी करायचं नाही. बाजारातल्या ग्रीन गॅसमध्ये बहुधा आधीच सिलिकॉन मिसळलेलं असतं, त्यावर तुम्ही प्रत्येक वेळी थेंब टाकत राहिलात तर ते सगळं शेवटी बॅरलमध्येच येणार. साधा प्रोपेन अडॅप्टर लावून वापरणाऱ्यांनी मात्र स्वतः तेल दिलंच पाहिजे कारण त्यात तेल नसतं. सीओटूमध्येही (कार्बन डायऑक्साइड) नसतं, तिथे १२ ग्रॅमची नळकांडी बसवण्याआधी तिच्या तोंडावर एक थेंब लावायचा, नळकांडी टोचली की तो आत ओढला जातो. सीओटूचा दाब २० अंशाला साधारण ५७ बार असतो आणि प्रोपेनचा साधारण ८, त्यामुळे ग्रीन गॅसच्या मॅगझिनची आणि सीओटूच्या मॅगझिनची सील्स एकमेकांत अदलाबदल करू नका.

मॅगझिनच्या वरच्या रबरी तोंडाला बोटाने तेल चोळा आणि जास्तीचं पुसून टाका. आउटपुट व्हॉल्वच्या दांड्याला एक थेंब. बीबी ज्या खाचेतून वर येतात ती आणि वरचे ओठ कोरड्या ब्रशने झाडायचे, तिथे तेल नाही. तेल दिल्यावर लगेच खेळायला जाऊ नका, पिस्तूल खालच्या दिशेला एका जुन्या कापडावर धरून बीबी न घालता तीन चार शॉट मारा, जे जास्तीचं आहे ते उडून जाईल, मग बॅरलमधून एकदा कोरडं कापड फिरवा.

मॅगझिन गळत असेल तर अंदाज लावत बसू नका, थोडा गॅस भरून पाण्याच्या भांड्यात बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. भरायच्या व्हॉल्वमधून येत असतील तर बहुतेक वेळा कचरा अडकलेला असतो, एक थेंब तेल आणि परत एकदा झटकन गॅस भरला की बसतो. तळातून येत असतील तर तळाच्या झाकणाची ओ-रिंग. आउटपुट व्हॉल्वमधून येत असतील तर तो ढिला आहे किंवा त्याचं रबर सुकलंय. पण चावी लावण्याआधी सगळा गॅस काढणं सक्तीचं, दाब असताना व्हॉल्व उघडला तर तो गोळीसारखा बाहेर येतो. गॅस काढताना मॅगझिन सरळ उभं धरा, आउटपुट व्हॉल्व थोडा थोडा दाबत मोकळ्या हवेत काढा, उलटं धरलं तर द्रवच बाहेर येतो आणि बोटं गोठतात, रबरंही कडक होतात. सुकलेली ओ-रिंग फाटलेली नसेल तर रात्रभर सिलिकॉन ऑइलमध्ये भिजवून बघा, पुष्कळदा परत कामाला येते, चपटी झाली असेल किंवा बारीक भेगा असतील तर सरळ नवी घाला. व्हॉल्व बसवताना सुरुवात हाताने करा, आटे नीट लागले की मग चावी, आणि मॅगझिनचा धातू मऊ असतो तेव्हा करकचून आवळू नका. पाण्यात बुडवलेलं मॅगझिन लगेच पुसून वाळवा नाहीतर आतली बीबीची स्प्रिंग गंजते.

किती वेळा करायचं म्हणाल तर माझं मत असं की बॅरल दर खेळानंतर पुसावं, पाच मिनिटांचं काम आहे, रेल्स आणि नॉझल हजार दीड हजार बीबींनंतर, आणि धुळीत किंवा चिखलात पडलं असेल तर त्याच दिवशी, उद्यावर टाकू नका. हाउसिंग उघडून पूर्ण सफाई वर्षातून एक दोनदा पुरते.

ठेवून देताना ग्रीन गॅसच्या मॅगझिनमध्ये थोडा, सेकंदभर भरला तेवढाच, गॅस राहू द्या, दाबामुळे सील्स जागेवर दाबलेली राहतात आणि आत धूळ जात नाही. सीओटूची नळकांडी मात्र काढूनच ठेवायची, इतका दाब महिनोन्महिने सीलवर ठेवला की ते सील चपटं होऊन बसतं. हॉप शून्यावर, हॅमर खाली, मॅगझिन बाहेर. भरलेलं मॅगझिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, प्रोपेनचा दाब २० अंशाला जिथे ८ बार असतो तिथे ४० ला १३ च्या पुढे जातो, व्हॉल्व तो सहन करेलही पण हॅमरला तो व्हॉल्व उघडता येत नाही आणि आतले प्लास्टिकचे भाग तुटतात. थंडीत उलट होतं, दाब पडतो, तेव्हा मॅगझिन खिशात ठेवून अंगाच्या उबेने गरम करा, हीटरवर किंवा गरम पाण्यात नको.

जोडून झालं की मॅगझिन न लावता स्लाइड दहा वेळा हाताने ओढा, कुठे खरखर लागते का, पूर्ण पुढे येऊन बसते का ते बघा, सेफ्टी आणि ट्रिगर तपासा. मग मॅगझिन लावून हॉप शून्यावर ठेवून वीस तीस बीबी मारा, उरलंसुरलं तेल त्यांच्यासोबत निघून जातं, आणि त्यानंतरच हॉप हळूहळू वाढवत बीबी सरळ जाईल तिथे आणा. पन्नासेक बीबींनंतरही शॉट वर खाली होत असतील तर तेल अजून हॉपमध्ये आहे, बॅरल परत काढा आणि रबर धुवा.